वज्रलेप : तीर्थयात्रा आणि भूमीचे ऋण

तीर्थक्षेत्री जाणाऱ्या माणसाला पुण्य लाभते असे मानले, तर त्याच्या येण्याने त्या क्षेत्राच्या भूमीला, पाण्याला आणि तेथे कायम राहणाऱ्या जीवांना जी हानी पोहोचते ती त्या पुण्याच्या हिशेबात धरायची की नाही, हा प्रश्न वरवर प्रशासनाचा वाटला तरी मुळात धर्मविचाराचा आहे. यात्रेतील कचरा, सांडपाणी आणि गर्दी हे ग्रामपंचायतीचे आणि पोलिसांचे विषय आहेत, भाविकाचा विषय दर्शन आणि नामस्मरण एवढाच आहे, अशी वाटणी आज जवळजवळ सर्वत्र गृहीत धरली जाते. परंतु या भूमीतल्या धर्मपरंपरांना ही वाटणी मान्य नव्हती, असे त्यांच्याच संज्ञांवरून दिसते.

हा प्रश्न जेथे उभा करावा असा एक प्रदेश म्हणजे वाशिम जिल्ह्यातील मालेगाव तालुका. अकोला-पूर्णा लोहमार्गावरील जऊळका हे गाव, ज्याला लोक ‘जऊळका रेल्वे’ म्हणतात, याच तालुक्यात आहे आणि ते स्वतः मोठे क्षेत्र नसले तरी त्याच्या भोवताली क्षेत्रांची दाटी आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथाचे जैन क्षेत्र शिरपूर याच तालुक्यात आहे. रथसप्तमीला नाथ नंगे महाराजांची यात्रा आणि महाप्रसाद होतो ते डव्हाही येथलेच. शेगावहून पंढरपूरला पायी निघणारी गजानन महाराजांची पालखी वाशिम जिल्ह्यातून जाते. आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मानोरा तालुक्यात, संत सेवालाल महाराजांची पोहरादेवी आहे, तर कारंजा येथे श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान आहे. या जिल्ह्याचे भौगोलिक स्थानही ध्यानात घेण्याजोगे आहे, कारण तो जलविभाजकावर, म्हणजे जेथून पावसाचे पाणी दोन वेगवेगळ्या दिशांना वाहू लागते अशा उंचवट्यावर, वसलेला आहे : येथली पैनगंगा, अडाण आणि अरुणावती गोदावरीच्या खोऱ्यातून पूर्व समुद्राला जातात, तर काटेपूर्णा पूर्णेला मिळून तापीमार्गे पश्चिम समुद्राला जाते.

युरोपातील आल्प्स पर्वताची महती नेमक्या याच कारणाने सांगितली जाते. ऱ्हाईन, ऱ्होन आणि पो या नद्या तेथे उगम पावतात, डॅन्यूबला तेथूनच मोठे पाणी मिळते, आणि म्हणून आल्प्सभोवतालच्या देशांनी १९९१ साली साल्झबुर्ग येथे पर्वताच्या रक्षणाचा करार केला, ज्यात पर्यटनाला मर्यादा घालण्याचा विचारही पुढे समाविष्ट झाला. इटलीच्या उत्तरेकडील दक्षिण टिरोल प्रांतात तर मेळे, स्पर्धा आणि उत्सव यांना ‘हरित सोहळा’ असे मानचिन्ह दिले जाते. लोक सार्वजनिक वाहनाने यावेत, भांडी पुन्हा वापरता येणारी असावीत, अन्न जवळच्या शेतांतले असावे, कचरा वेगळा केला जावा, अशा त्याच्या अपेक्षा असतात. ही व्यवस्था आदरणीय आहे. तथापि तिच्यात एक उणीव राहते : ती सोहळ्याला मोजते, सोहळ्याला येणाऱ्या माणसाला काही विचारत नाही, नियम पाळला गेला की तिचे काम संपते. तीर्थयात्रेचा विचार याच्या उलट बाजूने, माणसापासून, सुरू होतो.

‘तीर्थ’ या शब्दाचा मूळ अर्थ उतार, म्हणजे नदी ओलांडण्याची किंवा पाण्यापर्यंत उतरण्याची जागा, असा आहे; ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे या धातूपासून तो आला, आणि जैनांचा ‘तीर्थंकर’ म्हणजे संसार ओलांडण्याचा असा उतार घडवणारा. मराठीत याच शब्दाने देवळात ओंजळीत घेऊन प्राशन केले जाणारे पाणीही ओळखले जाते. हे दोन अर्थ एकत्र धरले तर क्षेत्राचे क्षेत्रपण पाण्यापासून वेगळे काढता येत नाही, आणि ज्या घाटावरचे पाणी तोंडात घेववत नाही त्याला तीर्थ म्हणणे हा भाषेचा आणि श्रद्धेचा एकाच वेळी केलेला भंग ठरतो. स्मृतिकारांनी पाण्यात मलमूत्र आणि थुंकी टाकण्याला स्पष्ट मनाई केली होती. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेच्या नियमांचा विस्तृत परामर्श घेतला आहे. या नियमांत पायी जाण्याचा आग्रह आहे आणि वाहनाने गेल्यास फळ उणावते असेही मत आहे. म्हणजे प्रवास कसा केला हे पुण्याच्या बाहेरचे नव्हते, ते पुण्याचेच अंग होते.

याहून सूक्ष्म विचार जैन आचारशास्त्रात आढळतो, आणि शिरपूरच्या सान्निध्यात तो विशेष जवळचा वाटतो. श्रावक, म्हणजे गृहस्थ जैन, याच्यासाठी सांगितलेल्या बारा व्रतांपैकी एक ‘दिग्व्रत’ आहे : आपण कोणत्या दिशेला किती दूर जाऊ याची मर्यादा माणसाने आपणहून आखून घ्यायची, कारण जेथे जाणे नाही तेथे निदान आपल्या जाण्याने होणारी हिंसा नाही. प्रवासालाच मर्यादा असावी हा विचार आजच्या पर्यटनशास्त्राला अलीकडे सुचला. येथे तो व्रत म्हणून फार पूर्वीच मांडला गेला होता. दुसरे व्रत ‘अनर्थदंड’ टाळण्याचे आहे. अर्थ म्हणजे प्रयोजन आणि दंड म्हणजे जीवांना दिलेली पीडा. म्हणून प्रयोजनाशिवाय, केवळ बेफिकिरीने केलेली हिंसा तो अनर्थदंड, आणि त्याच्या प्रकारांत ‘प्रमादचर्या’ येते, जिच्यात विनाकारण माती उकरणे, पाणी सांडणे, आग पेटवणे, झाडपाला तोडणे यांचा समावेश होतो. जगण्यासाठी लागणाऱ्या हिंसेला गृहस्थापुरती सूट देणारा हा विचार निष्काळजीपणाच्या हिंसेला मात्र सूट देत नाही, आणि येथेच तो यात्रेच्या प्रश्नाला थेट भिडतो. महाप्रसादासाठी चूल पेटवणे याला अर्थ आहे. जेवण झाल्यावर प्लास्टिकचे द्रोण शेताच्या बांधावर फेकून पुढे जाण्याला कोणताही अर्थ नाही, तो शुद्ध अनर्थदंड आहे. साधूंसाठी तर ‘उत्सर्ग समिती’ नावाचा स्वतंत्र नियम आहे, ज्यानुसार शरीराचा मळही जीवजंतू नसलेली जागा पाहूनच टाकावा लागतो. टाकून देणे ही सुद्धा धर्माने नियमित केलेली क्रिया आहे, हे जगातल्या थोड्याच परंपरांनी इतक्या बारकाईने ओळखले असेल.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. भाव शुद्ध असेल तर बाह्य शुचितेचे महत्त्व काय, देव अंतरात आहे आणि संतांनी बाह्य सोवळ्याचा निषेधच केला आहे, असे आक्षेपकाचे म्हणणे असते. संतांनी बाह्योपचारांवर टीका केली हे खरे. परंतु ती अंतःकरणाचा मळ झाकणाऱ्या सोवळ्यावर होती, दुसऱ्याच्या दारात घाण करण्याला ती मुभा नव्हती. याचा सर्वांत ठाम पुरावा वऱ्हाडानेच दिला. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या गाडगे महाराजांनी देवळातल्या दर्शनापेक्षा यात्रेची वाट झाडण्याला अधिक मोल दिले, दिवसा गाव झाडून रात्री कीर्तन केले आणि यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या हातातला खराटा कीर्तनाची तयारी नव्हता, तो कीर्तनाचाच पूर्वार्ध होता.

गाडगे महाराजांच्या उदाहरणाने प्रश्नाची आणखी एक बाजू उघडी पडते, जी पर्यावरणाच्या चर्चेत सहसा झाकली जाते. यात्रेची घाण जमिनीवर पडते तेव्हा ती कोणाला तरी उचलावी लागते, आणि ते काम शतकानुशतके ठरावीक जातींवर लादले गेले. हाताने मैला साफ करून घेण्यावर देशात २०१३ सालच्या कायद्याने बंदी आहे; तरीही एकाचे पुण्य दुसऱ्याच्या अपमानावर उभे राहत असेल तर ते पुण्य कोणत्या शास्त्राने पुण्य ठरते, याचे उत्तर भाविकाने स्वतःला द्यायला हवे. त्याच न्यायाने गरीब यात्रेकरूला दोष देऊन थांबणेही चूक आहे, कारण जिथे शौचालय नाही, विशेषतः स्त्रियांसाठी, तिथे उघड्यावर बसणे हा प्रमाद नसून नाइलाज असतो. व्रत व्यक्तीने घ्यायचे असते, पण ते पाळता येईल अशी सोय समाजाने करायची असते. शेगावच्या संस्थानात हे दोन्ही एकत्र आलेले दिसते : तेथले सेवेकरी पाळीपाळीने येऊन झाडलोट करतात आणि ती सेवा म्हणून करतात.

पोहरादेवीच्या परंपरेत तर पाण्याचा विचार भविष्यवाणीच्या रूपाने जपला गेला आहे. रामनवमीला तेथे जमणाऱ्या बंजारा समाजात सेवालाल महाराजांचे असे वचन सांगितले जाते की पुढे एक काळ येईल जेव्हा वाटीभर पाणी रुपयाला विकले जाईल. यात्रेच्या रस्त्यावर आज पाण्याच्या बाटल्यांची दुकाने लागतात, आणि रिकाम्या बाटल्या त्याच रस्त्याच्या कडेला पडतात.

धर्मशास्त्रीय परंपरेत एक जुना संकेत आहे : अन्यत्र केलेले पाप क्षेत्रात धुतले जाते, पण क्षेत्रातच केलेले पाप वज्रलेप होते. वज्रलेप म्हणजे मूर्तीला व वास्तूला टिकाऊपणा यावा म्हणून दिला जाणारा अत्यंत कठीण लेप, ज्याच्या कृती वराहमिहिराने बृहत्संहितेत नोंदल्या आहेत. शिरपूरच्या भाविकांना तर मूर्तीचा लेप हा परिचयाचाच विषय आहे. हा संकेत लिहिणाऱ्यांच्या मनात प्लास्टिक असणे शक्य नव्हते, पण न कुजणाऱ्या, न विरघळणाऱ्या आणि पिढ्यान्‌पिढ्या भूमीला चिकटून राहणाऱ्या पदार्थाला याहून नेमका शब्द मराठीत नाही. राज्याने २०१८ साली प्लास्टिकच्या ताट-वाट्यांवर आणि थर्मोकोलच्या पत्रावळींवर बंदी घातली. पळसाच्या पानांची पत्रावळ मात्र वऱ्हाडात त्याआधी कित्येक पिढ्या होती, आणि पळस या जिल्ह्याच्या माळावर अजून उभा आहे.

म्हणून डव्ह्याच्या, शिरपूरच्या वा पोहरादेवीच्या यात्रेला निघणाऱ्याने घरूनच एक मर्यादा आखून घ्यावी, आणि ती दर्शनाइतकीच यात्रेचा भाग मानावी. जऊळक्याच्या या भागातून उत्तरेला उतरणारे पाणी काटेपूर्णेला मिळते, काटेपूर्णा महानच्या धरणात येते, आणि ते पाणी अकोला शहर पिते.