आगटीभोवती

दिवाळी सरली, की मला हुरड्याचे वेध लागतात. गेल्या पौषात साताऱ्याहून मायणी-विट्यावरून सांगलीला जाताना एका शिवारात आम्ही सहकुटुंब उतरलो. माणशी पैसे मोजून. निवांतपणा विकत घेतला म्हणा ना! इटलीत कार्लो पेत्रीनी यांनी १९८६ पासून सावकाश जेवण्याची चळवळ उभी केली. हुरड्याचे मात्र उलटे. शाळूचे कणीस शेण्यांच्या निखाऱ्यात खुपसायचे, गरम असतानाच तळहातावर चोळायचे, फुंकर मारून कोंडा उडवायचा, की हिरवे दाणे गूळ-चटणीबरोबर थेट तोंडात. गार झाला, की गोडी गेली!

म्हणजे आम्ही सावकाश खावे म्हणून चोळणाऱ्या आजोबांना घाई. त्यांचे तळवे काळवंडले होते.

"आजोबा, तुम्ही बसा. मी चोळतो."

"पाव्हणं, पैकं मोजल्यात न्हवं तुमी? खावा निवांत."

पूर्वी हुरड्याला बोलावणे येई, आणि खाल्ल्याचे ओझे मनावर राही. ते ओझे टाळायलाच तर मी पैसे मोजले नव्हते ना?

मी हट्टाने कणीस चोळले. बोटे पोळली. आजोबांनी चार दाणे तोंडात टाकले आणि म्हणाले, "कच्चं हाय."