मोठाही लहानच असतो



घरात दोन मुलगे असले की सकाळ शांत कशी असेल? एकच गाडी दोघांना हवी असते. ओढाताण होते, रडारड होते. स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अरे, तू मोठा ना? दे त्याला!" धाकट्याचं रडणं थांबतं. थोरला गाडी सोडतो आणि गप्प होतो. आपल्याला वाटतं, भांडण मिटलं.

पण या थोरल्याचं वय तरी काय? कालपरवापर्यंत तोही कडेवरच होता. धाकटा आला आणि एका रात्रीत हा मोठा झाला. मंडळी, मोठाही लहानच असतो.

जो समजून घेतो, त्याच्यावरच आपण समजुतीचं ओझं टाकत जातो. घरातली थोरली सूनच घ्या, ती कधी तक्रार करत नाही. मग तिला काही वाटतच नसेल, असं आपण धरून चालतो.

संत ज्ञानोबा रुसून झोपडीची ताटी लावून बसले, तेव्हा त्यांची समजूत कोणी काढली? धाकट्या बहिणीनं, मुक्ताईनं, अशी कथा आपण ऐकत आलो आहोत. ज्यांना आपण माउली म्हणतो, त्यांनाही मायेचा शब्द लागला. मोठाही लहानच असतो.

तेव्हा आज भांडण झालं, तर निवाडा करण्याआधी थोरल्यालाही जवळ घ्या. विचारा, "तुला काय वाटलं रे?" त्याचं सगळं ऐकून घ्या. ज्याचं ऐकलं जातं, तोच दुसऱ्याचं ऐकायला शिकतो. मग त्याचं देणंही मनापासून होतं.