पांढरी दोन, काळी दोन

‘सो व्हॉट’ लावा. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममधली ही पहिली रचना, साधारण नऊ मिनिटांची. आवाज बेताचा ठेवा आणि ट्रम्पेटची वाट पाहू नका. मुखडा पॉल चेंबर्सच्या डबल बासकडे आहे. तो खालून काही बोलतो, वरून दोन कॉर्ड हुंकार भरतात. मधल्या जागेत थोडं थांबा. घाई नाही.

ही जागा आली कुठून? १९४० च्या दशकात चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी यांच्या बीबॉप जॅझमध्ये कॉर्ड भराभर बदलत. वादकाला प्रत्येक वळण सांभाळत पळावं लागे. संगीतकार जॉर्ज रसेल कॉर्डपेक्षा स्वरमालांचा विचार करा म्हणत होता. २ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कमधल्या, पूर्वी चर्च असलेल्या स्टुडिओत माइल्सने तो मार्ग धरला. हेच मोडल जॅझ.

आता मात्रा मोजू नका, आधार ऐका. सा पांढरी दोनमध्ये आहे. ग आणि नी कोमल, बाकी शुद्ध, म्हणजे आपल्या कानाला काफी थाट. (राग मात्र म्हणू नका; चलन नाही, वादी-संवादी नाही.) सोळा बार (चार-चार मात्रांचे) इथेच राहायचं. मग सगळंच अर्धा सूर वर, काळी दोनमध्ये, आठ बार. पुन्हा आठ बार खाली. आपल्याकडे तानपुरा जुळला की सा हलत नाही. इथे तोच हलतो. पहिल्यांदा निसटलं तर निसटू द्या, बत्तीस बारांनी ते वळण पुन्हा येईल.

जिमी कॉबची झांज कडाडते आणि माइल्स सुरू होतो. त्याचे स्वर मोजकेच. कोणते गाळले तेही ऐकू येतं. मागून सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन येतो आणि तीच जागा स्वरांनी गच्च भरतो. याच माणसाने दोन महिन्यांनी ‘जायंट स्टेप्स’ ध्वनिमुद्रित केलं, ज्यात कॉर्ड श्वास घेऊ देत नाहीत! एकाच वर्षात दोन्ही टोकं.

आणि मग दुसरा सॅक्सोफोन, कॅननबॉल ॲडर्ली. त्याला चौकटीचं फारसं ओझं नाही; थाटाबाहेरच्या स्वरांना तो खुशाल हात लावतो, ब्लूजची लडिवाळ वळणं घेतो. मला तो इथे सर्वांत जास्त आवडतो. त्याच्या वेळी सा शोधू नका, नुसतं ऐका.