शिबीचा तराजू आणि निर्वासितांची मुले

निर्वासित कुटुंबातील एखाद्या मुलाची शस्त्रक्रिया दूरदेशीच्या अनोळखी दात्यांच्या पैशातून पार पडते, तेव्हा दाते, मधली संस्था आणि बहुधा ते कुटुंबही त्या घटनेला दान असेच म्हणतात; परंतु ज्या परंपरांनी दानाचा बारकाईने विचार केला, त्यांनीच शरण आलेल्याच्या रक्षणाचा विचार निराळ्या सदरात केलेला आहे, आणि या दोन सदरांची गल्लत झाली की शस्त्रक्रिया कोणाची व्हावी, ते कोणी ठरवावे आणि नंतरचा भार कोणी वाहावा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बिघडतात.

दानाच्या सदरात पात्रतेचा विचार टळत नाही. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना योग्य स्थळ, योग्य काळ आणि योग्य ग्रहीता या अटी येतात आणि ज्याच्याकडून परतफेड होणार नाही अशालाच ते दिलेले असावे, अशीही अपेक्षा असते. धर्मशास्त्रातील दानाची व्याख्या त्याहून काटेकोर आहे: आपल्या वस्तूवरील स्वामित्व सोडून तेथे दुसऱ्याचे स्वामित्व उत्पन्न करणे एवढीच ती क्रिया असून, घेणाऱ्याने वस्तू स्वीकारली की ती पूर्ण होते. शरणागताच्या बाबतीत हा हिशेब चालत नाही. वाल्मीकिरामायणाच्या युद्धकांडात बिभीषण येतो तेव्हा सुग्रीव त्याच्या हेतूंविषयी शंका घेतो, तर आलेला प्रत्यक्ष रावण असला तरी त्याला अभय देणे भाग आहे, अशी भूमिका राम घेतो. अभय मिळते ते मागणाऱ्याच्या गुणांमुळे नव्हे, तर तो दारी आला म्हणून. जैन परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. निर्वासित मुलाच्या शस्त्रक्रियेत त्यांपैकी औषध आणि अभय ही दोन इतकी एकमेकांत मिसळलेली असतात की त्यांना वेगळे काढणे कठीण व्हावे.

हा भेद केवळ पोथीतला नाही, हे जॉर्डनमधील सीरियन निर्वासितांच्या उदाहरणावरून दिसते. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात जॉर्डन सामील नाही (भारतही नाही), आणि तेथील निर्वासितांच्या संरक्षणाची चौकट मुख्यतः संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाशी १९९८ साली झालेल्या सामंजस्य करारावर उभी आहे. सीरियातील युद्धामुळे लाखो माणसे सीमा ओलांडून आली, जुलै २०१२ मध्ये झातरीची छावणी उघडली गेली, तरी बहुसंख्य कुटुंबे छावण्यांबाहेर, शहरांतील भाड्याच्या खोल्यांत राहिली. नोंदणी झालेल्या सीरियन लोकांना आरंभी सरकारी रुग्णालयांत उपचार मोफत मिळत. नोव्हेंबर २०१४ पासून त्यांच्याकडून विमा नसलेल्या जॉर्डनी नागरिकाइतके शुल्क घेतले जाऊ लागले, २०१८ च्या आरंभी ते परदेशी रुग्णाच्या दराच्या ८० टक्क्यांवर नेले गेले आणि २०१९ मध्ये पुन्हा आधीचा दर लागू झाला. पाच वर्षांच्या आत एकाच मुलाच्या एकाच आजाराची किंमत तीनदा बदलली, आणि त्या बदलांचा मुलाच्या प्रकृतीशी काडीचाही संबंध नव्हता. दात्याच्या करुणेला जी पोकळी भरून काढण्याची संधी मिळते, ती पुष्कळदा अशा शासकीय निर्णयांनी तयार झालेली असते, याकडे दानस्तुतीत सहसा दुर्लक्ष होते.

काळाची अट येथे किती कठोर आहे, हे हृदयाच्या एका नेहमीच्या जन्मजात दोषावरून समजते. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला मोठे छिद्र असले, तर डावीकडचे रक्त जोराने उजवीकडे शिरते आणि फुप्फुसांत वाजवीपेक्षा अधिक रक्त जाते. असे बाळ अंगावर पिताना दमते, त्याच्या कपाळावर घाम येतो, ते मधेच पिणे सोडून देते आणि त्याचे वजन वाढत नाही. छिद्र वेळेवर बुजवले तर बहुतेक मुले धडधाकट वाढतात. उशीर झाला तर फुप्फुसांतील रक्तवाहिन्या हळूहळू जाड आणि ताठर होतात, पुढे प्रवाहाची दिशा उलटते, ओठ व नखे निळसर दिसू लागतात, आणि त्या टप्प्यावर छिद्र बुजवणे हेच जिवावर बेतू शकते. म्हणजे निधी जमेपर्यंत शस्त्रक्रियेची वेळच निघून गेलेली असणे येथे शक्य आहे. गीतेतील योग्य काळाचा अर्थ भाष्यकारांनी पर्वकाळ आणि पुण्यकाळ असा लावला; या बाळाच्या संदर्भात तो अर्थ अपुरा ठरतो.

पैसा अपुरा असल्यामुळे निवड अटळ होते. महागड्या उपचारांच्या अर्जांचा निर्णय करण्यासाठी जॉर्डनमध्ये उच्चायुक्तालयाने असाधारण उपचार समिती नेमली आहे, जी रोग बरा होण्याची शक्यता आणि येणारा खर्च ही दोन मापे समोर ठेवते. २०१० ते २०१२ या काळात कर्करोगाच्या उपचारांसाठी तिच्यापुढे ५११ अर्ज आले आणि त्यांपैकी २४६ मंजूर झाले. उरलेल्यांपैकी अनेकांना नकार मिळाला तो रोग बरा होण्याची आशा कमी म्हणून किंवा खर्च फार म्हणून. समितीला निर्दय म्हणणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल.

महाभारताच्या वनपर्वातील ससाणा आणि कबुतराची कथा या समितीच्या अडचणीला आश्चर्यकारकरीत्या लागू पडते. लोकांच्या स्मरणात ती शिबी राजाची कथा आहे, जरी वनपर्वात एके ठिकाणी ती उशीनराच्या नावावर येते. शरण आलेल्या कबुतराला राजा सोडत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. ससाण्याचा युक्तिवाद मात्र फारसा कोणी लक्षात ठेवत नाही. त्याचे म्हणणे असे की आपला आहार हिरावला गेला तर आपण मरू, आपल्यामागे बायकापोरे मरतील, म्हणून एकाला वाचवण्यासाठी अनेकांचा घात करणारा धर्म हा धर्मच नव्हे. राजा हा आक्षेप खोडून काढत नाही. तो कबुतराच्या भाराइतके स्वतःचे मांस तराजूत घालू लागतो आणि तेही पुरेना तेव्हा स्वतः पारड्यात चढतो. कथेचा कस या ठिकाणी आहे: वाचवण्याची किंमत राजा तिसऱ्या कोणाच्या वाट्यातून चुकवत नाही. समितीला ती सोय नाही. तिच्या पारड्यात पडते ते मांस नेहमी दुसऱ्या एखाद्या रुग्णाचे असते.

ससाण्याचाच आक्षेप आधुनिक काळात हिशेबाच्या भाषेत मांडला गेला. तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी नोव्हेंबर १९७१ मध्ये, पूर्व बंगालमधून भारतात आलेल्या लाखो निर्वासितांच्या हालअपेष्टा समोर असताना, एक निबंध लिहिला (तो १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला), आणि डबक्यात बुडणारे मूल डोळ्यांसमोर असणे किंवा हजारो मैलांवर असणे याने कर्तव्यात फरक पडत नाही असे प्रतिपादन केले. १९७१ सालीच बनगाव येथील निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली होती आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले होते, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून पाजण्याचा मार्ग अवलंबला, ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांकडेच सोपवले, आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. अशा उदाहरणापुढे एका हृदयावर मोठी रक्कम खर्च करणे ही उधळपट्टी ठरते, असा निष्कर्ष काढणारे आहेत. तो निष्कर्ष अर्धाच खरा आहे. पटकीची साथ ओसरते, छावणीचे दिवस मात्र संपत नाहीत. झातरीत जन्मलेली मुले आज शाळेच्या वरच्या वर्गांत आहेत, आणि ज्यांचे सगळे बालपण निर्वासितपणात जाते त्यांना केवळ साथीपुरते उपचार देणे म्हणजे अभय अर्धवट देणे होय.

समितीचा अन्याय नाइलाजाचा असतो. दात्याने एका मुलाच्या नावाने दिलेल्या पैशातला अन्याय तसा नाही. तेथे निवड छायाचित्र करते. मोठ्या डोळ्यांच्या चार वर्षांच्या मुलीसाठी निधी लवकर जमतो; तोच दोष असलेल्या, ओठांवर मिसरूड फुटलेल्या मुलाची फाइल पडून राहते. आईवडिलांची संमती घेतलेली असते, हे खरे. पण ज्याच्या मुलाचा जीव टांगणीला लागला आहे, तो बाप छायाचित्राला नाही म्हणू शकेल काय? बारावे शतक गाजवणारे यहुदी विचारवंत मायमोनिडीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या लावताना, देणारा व घेणारा यांनी एकमेकांना ओळखू नये, या प्रकाराला वरून दुसरे स्थान दिले, आणि मराठी घरांतही गुप्तदानाची थोरवी सांगितली जाते. शिवाय जॉर्डनमधले हे घेणारे बहुसंख्येने मुसलमान आहेत आणि जकातीच्या इस्लामी कल्पनेत संपन्नाच्या धनातील ठराविक भाग मुळातच गरजूंचा हक्क मानला जातो. कुराणात जकातीचे जे आठ प्रकारचे हक्कदार सांगितले आहेत, त्यांत घरापासून दूर अडकलेला वाटसरूही आहे. देणारा ज्याला औदार्य समजतो, ते घेणाऱ्याच्या धर्मबुद्धीनुसार त्याचेच देणे असू शकते.

औदार्याचे हक्कात रूपांतर होऊ शकते, याचा पुरावा महाराष्ट्राच्या कायद्यातही सापडतो. सार्वजनिक न्यास अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार, आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखाव्या लागतात. अंमलबजावणीच्या तक्रारी कितीही असल्या, तरी नकार मिळालेल्या रुग्णाला धर्मादाय आयुक्तांकडे दाद मागता येते. निर्वासिताला मात्र दाद मागण्यासाठी असे दार क्वचितच असते.

दानाच्या व्याख्येतील जो भाग या प्रसंगाला सर्वांत कमी लागू पडतो, तो क्रिया पूर्ण होण्याचा. छिद्र बुजवलेल्या मुलाचेही हृदय पुढे तपासत राहावे लागते. ज्याला धातूची कृत्रिम झडप बसवली जाते, त्याला रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, त्यांची मात्रा ठरवण्यासाठी वारंवार रक्त तपासावे लागते, आणि लहानपणी बसवलेली झडप मूल मोठे झाल्यावर तोकडी पडून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. दात्याला आभाराचे पत्र पोहोचून त्याचे प्रकरण मिटते, पण गोळ्यांचा खर्च दर महिन्याला येतो, आणि घरभाडे थकल्यामुळे कुटुंब दुसऱ्या शहरात गेले तर तपासणीची जागा, जुनी कागदपत्रे आणि ओळखीचा डॉक्टर यांची जुळवाजुळव आईला नव्याने करावी लागते.