त्या टेकचं काय करायचं?

(न्यू जर्सीत चित्रपट-संकलन करणारी भाची आणि पुण्यात नाटकं बसवणारा मामा यांचं फोनवरचं बोलणं.)

भाची : मामा, कात्रीत सापडलेय. लिटल लीग बेसबॉल खेळणाऱ्या मुलांच्या आईबापांवरचा विनोदी सिनेमा संकलनाला आलाय. संवाद लिहिलेलेच नाहीत. प्रसंग ठरवायचा आणि नटांना मोकळं सोडायचं. त्यामुळे दहा मिनिटं पोट धरून हसायचं, पुढची दहा जांभया द्यायच्या.

मामा : उत्स्फूर्त कामात हे चालायचंच. क्रिस्टोफर गेस्टचा २००० सालचा ‘बेस्ट इन शो’ असाच केलेला. कुत्रीचं खेळणं हरवलं म्हणून त्यातलं एक जोडपं दिसेल त्याच्या अंगावर कसं धावून जातं!

भाची : तिथे बरं होतं. मालक काय बरळतायत ते कुत्रीला कळत नव्हतं. इथे पोरांना कळतं. बापाचं काम करणारा नट रंगात आला आणि मैदानातल्या अकरा वर्षांच्या मुलीला ठरलेलं नसलेलं काहीतरी लागट बोलला. तिचा चेहरा खरोखर पडला. हे नाटक आहे, हे क्षणभर तिच्या लक्षातच आलं नाही. तो टेक ठेवला तर सिनेमा उभा राहतो, काढला तर नुसती गंमत उरते.

मामा : तिच्या घरचे काय म्हणतात?

भाची : आई म्हणते, ठेवाच. मुलीचं नाव होईल.

मामा : म्हणजे तुमच्या सिनेमातलीच आई.

भाची : पण चॅप्लिननं ‘द किड’मध्ये तरी वेगळं काय केलं? छोटा जॅकी कूगन रडेना, तेव्हा त्याच्या बापानंच गरिबांच्या वर्कहाउसात धाडायचा दम दिला. चॅप्लिननंच आत्मचरित्रात लिहिलंय. १९२१ पासून जग त्या रडण्यानं हेलावतंय.

मामा : मीही हेलावलो. पण पुढचं आठव. मोठेपणी कळलं, की कूगनची बहुतेक कमाई आईनं आणि सावत्र बापानं उडवलीय. तो कोर्टात गेला, आणि १९३९मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईला संरक्षण देणारा कायदा झाला. कमाईला. रडण्याला नाही.

भाची : पण तो चेहरा बघून एखादा बाप उद्या मैदानावर गप्प बसला तर?

मामा : ‘थोडं सोस, पुढे सगळ्यांचं भलंच आहे.’ ओरडणारे प्रशिक्षक हेच म्हणतात.

भाची : मग मुलीलाच विचारते.

मामा : ती हो म्हणेल. मोठ्यांना काय ऐकायचंय ते पोरांना बरोबर कळतं.

भाची : म्हणजे तिचा होकारही धरायचा नाही? मग आई ठरवत होती, आता तू ठरवणार. फरक काय?

मामा : खरंय. तिच्या भल्याचं मलाच कळतं म्हणणारा मीही कुंपणाबाहेरून ओरडणाराच. मग तिला डाव द्या. १९७६च्या ‘द बॅड न्यूज बेअर्स’मध्ये प्रशिक्षक बाप भर मैदानात आपल्या पिचर मुलाच्या थोबाडीत देतो. त्यानंतर चेंडू हातात आल्यावर पोरगा तो धरून नुसता उभा राहतो, समोरच्या खेळाडूला धाव पूर्ण करू देतो आणि चेंडू बापाच्या पायाशी टाकून चालता होतो. लेखकानं त्याच्या हाती उत्तर दिलं होतं. तुमच्याकडे बोलायची मोकळीक फक्त मोठ्यांना मिळाली. तिलाही सांगून, उलट बोलायची मुभा देऊन प्रसंग पुन्हा घ्या.

भाची : पैसे संपलेत. आणि तो चेहरा पुन्हा येणार नाही.

मामा : मग काढ.

भाची : सिनेमा तिथे ढेपाळेल. समीक्षक म्हणतील, हशा आहे, जीव नाही.

मामा : म्हणू देत. पोरं हरली तर आभाळ कोसळत नाही, हे आईबापांना सांगायला निघालेला सिनेमा स्वतः थोडा हरला तर बिघडलं कुठे?

भाची : छान. आता हे निर्मात्याला तूच सांग. नंबर पाठवते.