आखाजीचा डाव आणि अक्षहृदय

खान्देशात अक्षय्य तृतीयेस आखाजी म्हणतात. त्या सणास माहेरवाशिणी झोक्यांवर गाणी म्हणत असता जळगाव-धुळ्याकडील कित्येक पुरुष, 1887 च्या जुगारप्रतिबंधक कायद्याची फारशी दखल न घेता, पत्त्यांचे डाव मांडून बसतात. पत्त्यांवर पैसा लावणे म्हणजे स्वतःस दैवाच्या हवाली करणे, हा समज मात्र पोकरच्या हिशेबापुढे टिकत नाही. मध्ये 500 रुपये जमले आहेत, डावात राहण्यास 100 भरावयाचे आहेत, एकच पान उघडावयाचे उरले आहे आणि न दिसलेल्या 46 पानांपैकी 9 आपणांस जिंकून देणारी आहेत, असे समजा: 600 च्या रकमेत आपला हिस्सा सुमारे 117 ठरतो, सबब रक्कम भरणे रास्त होय, जरी पाचांपैकी चार वेळा ती बुडणार असली तरी.

एका डावाच्या निकालाची फिकीर न करणे हा गीतेतील निष्काम कर्मयोगच, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. हा खेळाडू एका फळाविषयी उदासीन असतो तो अनेक फळांच्या बेरजेवर डोळा ठेवून, आणि ती बेरीज वसूल होण्यास लागणारे असंख्य डाव व न आटणारी थैली वर्षातून एकदा बसणाऱ्या कपाशीच्या शेतकऱ्यापाशी कोठून असणार? निष्कामता पाहावयाची तर ती नलाच्या कथेत: महाभारताच्या वनपर्वात वृक्षावरील पानाफळांची संख्या पाहताक्षणी सांगणाऱ्या ऋतुपर्ण राजाने (विद्या गणिताचीच!) द्यूतात भाऊ पुष्कराकडून राज्य हरलेल्या नलास अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, दिले, तेव्हा नलास पछाडणारा कली त्याच्या देहातून निघाला; पुढे एकाच डावात राज्य परत जिंकल्यावर नलाने पुष्करास जीवदान देऊन त्याचा वाटाही त्यास परत केला.