एकाच भक्ताचा देव

1965 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, पुढे कादंबरीकार झालेल्या टेरी प्रॅचेटने शाळेला रामराम ठोकला आणि इंग्लंडमधल्या हाय विकम गावच्या ‘बक्स फ्री प्रेस’मध्ये शिकाऊ बातमीदार म्हणून तो रुजू झाला. पहिल्या दिवशी तीन तास होतात न होतात तोच आयुष्यातले पहिले प्रेत पाहिले, हे तो पुढे मोठ्या चवीने सांगायचा. बातम्यांच्या जोडीला ‘अंकल जिम’ या टोपणनावाने मुलांच्या गोष्टी लिहिणेही आलेच. देवाधर्माची थट्टा मात्र त्याआधीच सुरू झाली होती. शाळकरी वयात लिहिलेल्या त्याच्या पहिल्या छापील कथेत खुद्द सैतान नरकाची जाहिरात करण्यासाठी एक जाहिरातवाला गाठतो.

पुढे त्याने वीज मंडळात प्रसिद्धी अधिकाऱ्याची नोकरी धरली, तीही अणुवीज केंद्रांची बाजू सांभाळण्याची आणि अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या अपघाताची धग अजून निवली नसताना. 1983 मध्ये ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेतली पहिली कादंबरी ‘द कलर ऑफ मॅजिक’ आली, 1987 मध्ये नोकरी सुटली आणि मालिकेच्या एकूण 41 कादंबऱ्या झाल्या. त्यांतले जग ताटासारखे चपटे, चार हत्तींच्या पाठीवर तोललेले, आणि ते हत्ती एका अजस्र कासवावर उभे. आपल्याकडच्या कूर्माची आणि दिग्गजांची आठवण व्हावी, असाच हा थाट आहे.

प्रॅचेट आस्तिक नव्हता. तरी देव आहे की नाही, या वादात त्याला फारसा रस नव्हता. माणसे देवाच्या नावाने प्रत्यक्षात काय करतात, याकडे त्याची नजर असे. ही नजर बातमीदाराची आहे. सभेत ठराव काय झाला ते कोणीही लिहून घेईल. तो होताना कोण कोणाला वचकून होते, हे टिपणारा बातमीदार खरा.

1992 सालची ‘स्मॉल गॉड्स’ याच नजरेतून आली आहे. ओम्निया नावाच्या देशात ओम या महादेवतेचे राज्य आहे. मंदिरे आहेत, पुरोहितांची उतरंड आहे, पाखंड्यांना यातना देणारे खाते आहे. ओम एकदा मोठ्या दिमाखात अवतार घ्यायला निघतो आणि होतो एक साधे कासव! गरुडाने उचलून वरून टाकलेले हे एकाक्ष कासव पडते ते मंदिराच्या बागेत, जिथे ब्रूथा नावाचा एक निरक्षर उमेदवार निंदणी करत असतो. कासव शिव्या घालते, आणि त्या ऐकू येतात फक्त ब्रूथाला. कारण सरळ आहे. या जगात देवाचे बळ भक्तांच्या श्रद्धेवर पोसते आणि लाखो लोकांच्या या देशात ओमवर मनापासून श्रद्धा ठेवणारा ब्रूथा एकटाच उरलेला असतो. बाकीचे रोज पूजा करतात, पण त्यांचा खरा विश्वास बसलेला असतो यातना देणाऱ्या खात्यावर. भीतीने देवाची जागा घेतली, हे खुद्द देवालाही कळले नाही.

‘भाव तेथे देव’ असे आपण सहज म्हणून जातो. प्रॅचेट त्याच विधानाचा हिशेब मांडायला बसतो. भाव आटला तर देवाचे काय? आणि वरची इमारत तशीच उभी राहिली तर आत कोण राहायला येते? इथे येतो तो व्होर्बिस, यातनाखात्याचा थंड डोक्याचा प्रमुख. तो कोणावर ओरडत नाही, कोणाचा द्वेषही करत नाही. त्याला फक्त स्वतःचाच आवाज ऐकू येतो आणि तोच तो देवाचा मानतो.

व्होर्बिसचा शेवट डोक्यात कासव पडून होतो. ग्रीक नाटककार एस्किलसच्या मृत्यूच्या दंतकथेवर मारलेली ही कोपरखळी. पण खरी कमाल त्यानंतरची. शंभर वर्षांनी ब्रूथा मरतो आणि परलोकाच्या वाळवंटात पोहोचतो, तर तिथे व्होर्बिस अजून एकटाच बसलेला. त्याला एक पाऊलही टाकता आलेले नाही. ब्रूथा त्याला सोबत घेऊन चालू लागतो. क्षमा ही श्रद्धेची खूण मानायची, तर एका निरीश्वरवाद्याने लिहिलेला हा प्रसंग अनेक प्रवचनांपेक्षा धार्मिक ठरतो.

‘हॉगफादर’मध्ये (1996) त्याने याच्याही पुढे उडी घेतली. न्याय, दया, कर्तव्य या गोष्टी विश्वात कुठेही सापडत नाहीत, त्या माणसाने मानल्या म्हणून आहेत. आणि पोरवयात सांताक्लॉजसारख्या छोट्या असत्यांवर विश्वास ठेवायची सवय होते, म्हणूनच ही मोठी असत्ये पुढे पेलतात. हा युक्तिवाद तो मालिकेतले एक पात्रच असलेल्या मृत्यूच्या तोंडी घालतो. शंका इथेच येते. न्याय मानण्यावरच असेल, तर बहुमताने अन्याय मानला की तोही न्याय होतो का? प्रॅचेट याचे थेट उत्तर देत नाही. मृत्यूलाच माणसांची कीव येते, एवढे तो दाखवतो, आणि तर्क तिथे लंगडा पडतो, हे मान्य करावे लागेल.

डिसेंबर 2007 मध्ये त्याने आपल्याला अल्झायमरचा एक दुर्मीळ प्रकार झाल्याचे जाहीर केले. टंकलेखन जमेना, तेव्हा तो तोंडी मजकूर सांगू लागला. 2010 साली बीबीसीच्या डिम्बलबी व्याख्यानात त्याने इच्छामरणाची बाजू मांडली; सलग वाचणे अवघड झाल्याने बहुतेक भाषण अभिनेता टोनी रॉबिन्सन याने वाचून दाखवले. देवावर सोपवून मोकळे व्हा, असे त्याने म्हटले नाही, की प्रत्येकाने हवे ते करावे, असेही नाही. वकील आणि दीर्घ आजारांची जाण असलेला डॉक्टर ज्यात असेल असे एक मंडळ नेमावे, अर्जदारावर कोणाचा दबाव नाही ना हे त्या मंडळाने तपासावे, अशी अगदी कोर्टाची बीट सांभाळलेल्या माणसाला शोभेल अशी व्यवस्था त्याने सुचवली. चाचणीसाठी पहिले प्रकरण म्हणून त्याने स्वतःचेच नाव पुढे केले. ते मंडळ काही निघाले नाही. 12 मार्च 2015 रोजी प्रॅचेट राहत्या घरी नैसर्गिकरीत्या गेला.